“हे पोट्टे पळून काहून नाही जात?” : मानवी क्लोनच्या कादंबरीतली भांडणं, सोप्या भाषेत

नागपुरात ग्रीन कॉरिडॉरची बातमी आता नवी राहिलेली नाही. एखाद्या घरावर आभाळ कोसळतं, पेशंट ब्रेन डेड घोषित होतो, घरचे लोक त्या अवस्थेतही अवयवदानाला हो म्हणतात आणि मग पोलीस चौकाचौकांत गाड्या थांबवून अॅम्ब्युलन्सला विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करून देतात. अशाच एका बातमीच्या आठवड्यात आमच्या वाचनकट्ट्यावर काझुओ इशिगुरो यांची ‘नेव्हर लेट मी गो’ ही, अवयवांसाठी वाढवलेल्या मानवी क्लोनची कादंबरी चर्चेला होती. चर्चा पुस्तकावर कमी आणि बातमीवर जास्त झाली. कोणी विचारलं, माणसाचे क्लोन खरंच बनतात का? एक बाई म्हणाल्या, हे वाचल्यापासून अवयवदानाच्या फॉर्मवर सही करायला हात धजत नाही. आणि काटोलकडचे, संत्र्याची वाडी असलेले एक काका सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, “ते सगळं जाऊ द्या बापा. पण हे पोट्टे पळून काहून नाही जात?”

काका बोलले ते थट्टेत, पण प्रश्न खरा तोच आहे. जगभरचे वाचक या पुस्तकाशी त्यावरूनच भांडत आलेत. त्याच्या उत्तरापर्यंत जायला थोडं विज्ञान आणि बरीचशी गोष्ट सांगावी लागेल.

आधी गोष्ट

पुस्तक वाचायचं मनात असेल तर इथेच थांबा, कारण शेवट सांगितल्याशिवाय पुढचं काही समजावता येणार नाही.

इशिगुरो यांचा जन्म १९५४ चा, नागासाकीचा. पाच वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेले आणि तिथलेच झाले. २०१७ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. ही कादंबरी २००५ ची. तिला डिस्टोपियन म्हणतात. डिस्टोपिया म्हणजे असं कल्पित जग, जिथे समाजाची घडीच काही माणसांच्या जिवावर उठलेली असते आणि बाकीच्यांना मात्र सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतं.

इथे ते जग भविष्यातलं नाही. पहिल्याच पानावर लिहिलंय : इंग्लंड, १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध. म्हणजे गाड्या, कॅसेटी, पेट्रोल पंप सगळं आपल्या ओळखीचं. फरक एवढाच की या इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर विज्ञानाने भराभर उड्या मारल्या आणि माणसांचे क्लोन बनू लागले. ते वाढवायचे, मोठे झाले की त्यांचे अवयव एकेक करून काढून आजारी लोकांना बसवायचे. दुसऱ्या, तिसऱ्या, फार तर चौथ्या शस्त्रक्रियेनंतर ते मरतात. पुस्तकात मात्र त्याला ‘मरतात’ असं सहसा कोणी म्हणत नाही. शस्त्रक्रियेला ‘दान’ म्हणतात, आणि मेलेला माणूस ‘पूर्ण झाला’.

गोष्ट सांगते ती कॅथी, वय ३१. अकरा वर्षांहून जास्त काळ ती ‘केअरर’ आहे, म्हणजे दान देणाऱ्या आपल्यासारख्याच क्लोनची शुश्रूषा करते, स्वतःची पाळी येईपर्यंत. ती, रूथ आणि टॉमी हेलशम नावाच्या एका निवासी शाळेत वाढले. तिथे मैदान आहे, तळं आहे, चित्रकलेचे तास आहेत. आईबाप नाहीत. पुढे कॅथीच्या मनातल्या टॉमीशी रूथची जोडी जमते, तिघं शाळेतून बाहेर पडतात, दुरावतात, आणि शेवटी कॅथी आधी रूथची आणि मग टॉमीची केअरर होते. एवढंच कथानक. पाठलाग नाही, बंदुका नाहीत, प्रयोगशाळासुद्धा नाही.

क्लोन म्हणजे काय?

काटोलच्या काकांना हे सांगावं लागलं नाही, कारण त्यांची अख्खी वाडी क्लोनची आहे. शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्यांत जंबेरी नावाच्या लिंबाचं बी पेरून रोपं तयार करतात. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की भरघोस फळणाऱ्या एखाद्या संत्र्याच्या झाडावरून एक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो भाग, काढतात, जंबेरीच्या सालीत बसवतात आणि पट्टीने बांधतात. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. मुळं जंबेरीची, पण वर वाढतं ते त्या मूळ झाडाचंच दुसरं झाड. दोघांची जनुकं, म्हणजे पेशीत साठवलेल्या घडणीच्या सूचना, एकच.

प्राण्यात डोळा भरता येत नाही. तिथे मादीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकतात. केंद्रक म्हणजे पेशीचा तो भाग जिथे ही जनुकं असतात. त्या रिकाम्या जागी ज्याची नक्कल हवी त्याच्या शरीरातल्या साध्या पेशीचं केंद्रक ठेवतात आणि विजेचा हलका झटका देऊन त्या बीजांडाला वाढीला लावतात. गर्भ तयार झाला की तो दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात. म्हणजे इथेही खुंट एकाचा आणि डोळा दुसऱ्याचा.

या कलमावरून दोन गोष्टी समजतात, ज्यांबद्दल सिनेमांनी आपला पार गोंधळ करून ठेवलाय. एक, क्लोन तयारच्या वयाचा निघत नाही. वीस वर्षांच्या झाडाचा डोळा घेतला तरी कलम लहान रोपापासूनच सुरू होतं. माणसाचा क्लोनही बाळ म्हणूनच जन्मेल, दात येताना रडेल. दोन, नक्कल जनुकांची होते, आयुष्याची नाही. एकाच झाडाचे डोळे काटोलच्या काळ्या जमिनीत आणि दुसरीकडच्या मुरमाड जमिनीत लावले तर फळ सारखं येत नाही. एकसारखे जुळे हे निसर्गाने केलेले क्लोनच, पण त्यांच्या आईला विचारा, दोघांचे स्वभाव किती वेगळे असतात.

काका इथे एक वाक्य बोलून गेले आणि कादंबरीचा अर्धा झगडा त्यात आहे. “झाड ज्याच्या वाडीत त्याचं. डोळा कोणाच्याही झाडाचा असो.” झाडापुरतं हे बरोबरच आहे. माणसाने माणूस बनवला तर तो बनवणाऱ्याच्या मालकीचा होतो का? कादंबरीतला समाज म्हणतो, होतो. मोठ्याने म्हणत नाही. म्हणायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था करतो.

खरंच असं कधी झालंय का?

माणसाचा क्लोन जन्मल्याचा एकही पडताळलेला दाखला नाही. डॉली ही मेंढी ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत जन्मली. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून केलेला तो पहिला सस्तन क्लोन. त्यासाठी २७७ बीजांडांवर प्रयोग झाला, त्यांतून २९ गर्भ तयार झाले आणि जिवंत कोकरू निघालं एक. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ साली म्हशीचा क्लोन केला आणि २०२३ साली ‘गंगा’ नावाची गीर कालवड. माकडांपर्यंत मजल गेली ती २०१८ मध्ये, चीनमध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात. इतके गर्भ वाया घालवून, इतक्या गर्भाशयांना वेठीस धरून माणसावर हे करणं कोणत्याही वैद्यकीय नीतीत बसत नाही. ब्रिटनने तर २००१ सालीच, म्हणजे कादंबरीच्या चार वर्षं आधी, माणसाचा क्लोन जन्माला घालण्यावर कायद्याने बंदी घातली. भारतात आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या स्टेम सेल (मूलपेशी) मार्गदर्शक सूचनांतही त्याला मनाई आहे.

इशिगुरो या तांत्रिक भागाकडे ढुंकूनही बघत नाहीत. बीजांडं कोणाची, गर्भ कोणी वाढवले, या मुलांना जन्म देणाऱ्या बायका कोण होत्या, यावर पुस्तकात चकार शब्द नाही. कोणाला ही उणीव वाटेल. मला वाटतं त्यांना विज्ञान समजावायचंच नव्हतं. त्यांना एवढंच बघायचं होतं की ज्या माणसांना थोडंच आयुष्य मिळणार आणि तेही ठाऊक असणार, ती एकमेकांशी कशी वागतील.

आपसातली भांडणं

क्लोनची कादंबरी म्हटल्यावर आपण क्लोन विरुद्ध माणूस अशा लढाईची वाट बघत बसतो. इथे भांडणं होतात ती पेन्सिलच्या पेटीवरून. रूथ एकदा भासवते की तिची सुंदर पेटी एका लाडक्या शिक्षिकेने तिला दिली. ती खोटं बोलतेय हे कॅथीला कळतं आणि ती रूथला हळूच कोंडीत पकडते. एवढ्याशा गोष्टीवर कितीतरी पानं खर्ची पडतात. पहिल्या वाचनात कंटाळा येतो, हे मान्य. पण जरा थांबून बघा. ज्या मुलांना आई नाही, आडनावाच्या जागी एक अक्षर आहे, त्यांच्याकडे मिरवायला दुसरं काय असणार? कोणीतरी मोठं माणूस मला इतरांपेक्षा जास्त माया करतं, एवढंच. रूथचं खोटं त्या मायेचं आहे.

शाळेनंतर तिघं एका जुन्या शेतघरांच्या वस्तीत राहायला जातात. तिथली थोडी मोठी जोडपी टीव्हीवरच्या मालिकेतली लकब उचलतात, निरोप घेताना जोडीदाराच्या कोपराला स्पर्श करतात. रूथ तीच लकब टॉमीवर वापरायला लागते आणि कॅथी तिला त्यावरून टोकते. संसार कसा करतात हे ज्यांनी घरात कधी पाहिलं नाही, ती मुलं ते टीव्ही बघून शिकतायत. आणि त्यातही, कोण नक्कल करतंय म्हणून एकमेकांना हिणवतायत.

मग येते नॉरफोकची सहल. प्रत्येक क्लोन कोणाची तरी प्रतिकृती, तेव्हा ‘मूळ’ माणूस बाहेर कुठेतरी जगत असणार. तसं कोणी दिसलं की ही मुलं आपसात चर्चा करतात. रूथची मूळ म्हणून एक बाई कोणाला तरी एका काचेच्या ऑफिसात दिसलेली असते. रूथचं स्वप्न अगदी तशाच ऑफिसात काम करायचं. सगळे जातात, बाईचा माग काढतात, आणि जवळून पाहिल्यावर ध्यानात येतं की ती नाही. तेव्हा रूथ फुटते. आपण अशा बायकांपासून बनलेलोच नाही, ती म्हणते. आपल्याला बनवलंय ते दारुडे, नशेडी, वेश्या, भटके यांच्यापासून, समाजाने टाकून दिलेल्यांपासून. शोधायचंच असेल तर गटारीत शोधा.

समाज त्यांच्याबद्दल जे मानतो ते रूथच्या तोंडून, स्वतःबद्दल बाहेर पडतं. बाहेरच्या कोणी तिला शिवी दिलेली नाही. तिने ती स्वतःच शिकून घेतलीय.

तिघांच्या प्रेमाचं गणितही असंच आहे. टॉमी आणि कॅथी एकमेकांसाठी आहेत हे रूथला आधीपासून माहीत असतं, तरी ती त्यांना वेगळं ठेवते. कित्येक वर्षांनी, अंगातून पहिलं ‘दान’ काढल्यावर, ती हे कबूल करते आणि माफी मागते. आपल्या ओळखीच्या एखाद्या त्रिकोणात हा समेट चाळिशीत झाला असता, नंतर तीसेक वर्षं हातात उरली असती, मुलाबाळांच्या लग्नात तिघं एका पंगतीत बसले असते. इथे वर्षंच उरलेली नाहीत. म्हणून घरगुती मत्सर आणि सामाजिक अन्याय असे दोन कप्पे करून ही कादंबरी वाचता येत नाही. रूथने टॉमीची जी वर्षं घेतली ती महाग पडली, कारण बाकीची वर्षं आधीच दुसऱ्या कोणी घेतली होती. भांडण होतं ते रूथशी. तो दुसरा भांडायला समोर येतच नाही.

चित्रं कशासाठी गोळा केली?

हेलशममध्ये मुलांच्या चित्रांना, कवितांना फार भाव. त्यातली उत्तम चित्रं ‘मादाम’ नावाची एक बाई येऊन घेऊन जाते. का, ते कोणी सांगत नाही. ती मुलांना घाबरते असा मुलींना संशय येतो, म्हणून एकदा त्या ठरवून घोळक्याने तिच्याजवळून जातात. ती अंग चोरून घेते, जसं कोणी कोळ्यापासून घ्यावं. मुलींनी खोडी काढायला म्हणून हे केलेलं असतं. आपण कुणाच्या डोळ्यांत कोळी असू, याची कल्पना त्यांनी केलेली नसते. तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या असतात.

मोठेपणी त्यांच्यात एक अफवा पसरते. जोडप्याचं प्रेम खरं आहे असं सिद्ध झालं तर तीन वर्षांची सवलत मिळते, दान पुढे ढकललं जातं. चित्रं त्यासाठीच असणार, माणसाचं अंतरंग कळायला, असं टॉमी तर्क लढवतो. तो आणि कॅथी जुन्या मादामचं घर गाठतात, टॉमी आपल्या वहीतली प्राण्यांची चित्रं घेऊन जातो. तिथे हेलशमच्या मुख्य शिक्षिका मिस एमिली सांगतात : सवलत कधीच नव्हती. चित्रं गोळा केली ती जगाला दाखवायला, की या मुलांना आत्मा आहे.

यावर आमच्या कट्ट्यावर एकजण म्हणाले, “मग त्या बाई भल्याच की.” भल्याच आहेत. अडचण त्यांच्या भलेपणातच आहे. चित्र चांगलं काढलं म्हणून जर कोणी माणूस ठरणार असेल, तर ज्याला चित्र जमत नाही त्याचं काय? टॉमीला लहानपणी चित्र जमत नसे, मुलं त्याला त्यावरून छळत. माणूसपण हे गुणपत्रिकेवर आलं, की कोणीतरी नापास होणारच. नागपूरच्या वाचकाला हे समजायला इंग्लंडला जावं लागत नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली लोक पाणी प्यायला गेले ते आधी परीक्षा देऊन नाही. आम्ही माणूस आहोत हे सिद्ध करायचं ओझं आमच्यावर का, हा त्या सत्याग्रहातला प्रश्न हेलशमच्या कोणत्याही शिक्षिकेला सुचत नाही. मुलांनाही सुचत नाही.

हेलशमचं पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. कुठलासा मॉर्निंगडेल नावाचा शास्त्रज्ञ नेहमीच्या माणसांपेक्षा हुशार, बळकट मुलं बनवायला निघतो. लोक धास्तावतात, देणग्या आटतात, शाळा बंद पडते. अवयव काढणं मात्र बंद पडत नाही. क्लोन खालच्या पायरीवर आहेत तोवर लोकांना त्यांची दया येत होती. ते वरच्या पायरीवर जाऊ शकतात म्हटल्यावर दया संपली.

“पण मग पळून काहून नाही जात?”

आता काकांचा प्रश्न. तो रास्त आहे, कारण पुस्तकात कुंपणापलीकडे पहारा दिसत नाही. कॅथी स्वतः गाडी चालवत इंग्लंडभर फिरते, एकटी, रात्रीबेरात्री. कुठल्याही बंदराकडे वळू शकली असती.

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे त्यांना लहानपणापासून तसं वाढवलंय. शाळेभोवतीच्या रानाबद्दल भयंकर गोष्टी सांगितल्या जातात : एक मुलगा पळाला, नंतर तो झाडाला बांधलेला सापडला, हातपाय तोडलेला. पुढ्यात काय वाढून ठेवलंय हेही त्यांना अशा वयात, अशा बेताने सांगितलं जातं की कळतंही आणि कळतही नाही. मिस ल्यूसी नावाची एकच शिक्षिका स्पष्ट बोलते, तुम्ही अमेरिकेला जाऊन नट होणार नाही, तुमचं आयुष्य ठरलेलं आहे. थोड्याच दिवसांत ती शाळेत दिसेनाशी होते. मुलांची प्रतिक्रिया? त्यात नवीन काय सांगितलं, असं त्यांना वाटतं.

गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव करून द्या, हे आंबेडकरी चळवळीतलं वाक्य नागपुरातल्या पोराटोरांना पाठ असतं. पण या मुलांना तर जाणीव आहे, कोणी विचारलं तर ती सगळं सांगू शकतील. मग बंड का नाही? माझ्या मते याचं उत्तर बाबासाहेबांच्याच दुसऱ्या एका मांडणीत सापडतं : श्रेणीबद्ध विषमता. सगळे एका रांगेत खाली दाबलेले असते तर एकत्र उठले असते. पण पायऱ्या केल्या की प्रत्येकाला आपल्याहून खालचा कोणीतरी सापडतो, आणि माणूस ती पायरी जपत बसतो. हेलशमची मुलं क्लोनांमध्ये उच्चभ्रू आहेत. बाकीचे क्लोन कुठल्या कुठल्या सरकारी ‘घरांत’, भीषण अवस्थेत वाढतात. केअरर झालेल्या कॅथीला आपले रुग्ण निवडायची मुभा मिळते, ती शक्यतो हेलशमचेच घेते, आणि बाकीचे त्यावरून बोटं मोडतात. एक मरणासन्न क्लोन तिला सारखं हेलशमबद्दल विचारत राहतो. त्याला ते बालपण आपलं म्हणून आठवायचं असतं, स्वतःचं आठवण्यासारखं नाही म्हणून. सवलतीची अफवाही ‘हेलशमच्यांना मिळते’ अशीच असते. म्हणजे बंडाच्या जवळ जाणारा सगळ्यांत धाडसी क्षण कोणता, तर दोघंजण एका बाईच्या दारात अर्ज घेऊन उभे राहतात. मागणी सुटकेची नाही, मुदतवाढीची.

दरवर्षी हिवाळी अधिवेशनात नागपूरचे रस्ते मोर्च्यांनी भरतात. कोणाच्या मागण्या पटोत न पटोत, मोर्चा निघायला आधी ‘आपण’ हा शब्द तयार व्हावा लागतो. तो एका पिढीत होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले त्यामागे आजा-पणज्याने सोसलेलं, आजीने सांगितलेलं, शाहिरांनी गायलेलं होतं. कॅथीच्या समाजात एकही म्हातारा नाही. कोणी तिशीच्या फार पुढे जात नाही, कोणाला मूल होत नाही. आमच्या वेळी आम्ही असं केलं होतं, हे सांगायला कोणी उरतच नाही. अवयवांबरोबर या लोकांची म्हातारी माणसंही काढून घेतलेली आहेत, आणि चळवळीला म्हातारी माणसं लागतात.

काकांना हे अर्धंच पटलं. “एखादा तरी पळालाच असंन,” ते म्हणाले. असेलही. पण गोष्ट सांगणारी कॅथी आहे, अकरा वर्षं आपलं काम चोख केल्याचा अभिमान असलेली. पळालेल्याची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली असती तरी ती तिने सांगितली नसती, असा माझा कयास आहे. टॉमी एकदाच ओरडतो, मिस एमिलीकडून परतताना, अंधारात गाडीतून उतरून शेतात जाऊन, चिखलात लाथा झाडत. लहानपणी तो असाच चिडायचा आणि सगळे हसायचे. कॅथी म्हणते, कदाचित तुला तेव्हापासूनच आतून माहीत होतं.

मग अवयवदान करायचं की नाही?

फॉर्मवर सही करायला हात धजत नाही म्हणणाऱ्या त्या बाईंच्या शंकेचं उत्तर सरळ आहे. करावं. कादंबरीतल्या प्रकारात आणि आपल्याकडच्या अवयवदानात ‘दान’ हा शब्द तेवढा सारखा आहे. भारतात १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. घरच्यांनी नाही म्हटलं तर विषय संपतो. मिळालेला अवयव कोणाला द्यायचा हे प्रतीक्षायादीवरून ठरतं, विदर्भापुरतं ते काम नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र बघतं. अवयवांची खरेदी-विक्री केली तर २०११ च्या दुरुस्तीनंतर पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट आहे, नाही म्हणायचा हक्क. कॅथीच्या जगात तोच नाही.

तरी कादंबरी आपल्याला अगदीच मोकळं सोडते असं नाही. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे आकडेवारीतून वेळोवेळी समोर आलंय. आई देते, बायको देते, बहीण देते. कायद्याच्या कागदावर प्रत्येकीची संमती असते. घरात त्या बाईला नाही म्हणता आलं असतं का, हे तपासायला कुठली समिती आत डोकावणार? तो कमावता, मी घरीच तर असते, असं ती स्वतःच म्हणते. रूथ गटारीबद्दल स्वतःच बोलते तसं.

पेशंट कुठेत?

विज्ञान असं सोडून द्यायचं का, ही शंका उरते. कोणी सोडायला सांगत नाहीये. अवयवांचा तुटवडा खरा आहे आणि त्यावर खटपट चालू आहे. जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय २०२२ साली अमेरिकेत एका रुग्णाला बसवलं, तो सुमारे दोन महिने जगला. अशी डुकरं तयार करतानाही क्लोनिंगचंच तंत्र वापरतात. म्हणजे क्लोनिंग अवयवांच्या कामी आलंच, माणसाला सोडून.

मिस एमिलीचं म्हणणं या संदर्भात नीट ऐकायला हवं, कारण लेखकाने ते तिच्या तोंडी फार प्रामाणिकपणे घातलंय. कॅन्सर बरा होतो हे ज्या जगाला एकदा कळलं, त्याला परत जुन्या अंधारात जा असं कसं सांगणार? लोकांना तुमच्याबद्दल वाईट वाटत होतं. पण आपली मुलं, आपला नवरा, आपले आईबाप मरू नयेत, याची त्यांना जास्त काळजी होती. यात कोणी राक्षस नाही. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डाबाहेर चटई टाकून बसलेल्या कोणत्याही माणसाला विचारा, तो हेच म्हणेल.

आणि तरी सबंध कादंबरीत असा एकही माणूस येत नाही. टॉमीची किडनी कोणाला गेली, रूथच्या अवयवावर कोण जगलं, आपल्याला कधीच दिसत नाही. कॅथीलाही दिसत नाही, तिला त्याचं कुतूहलही नाही. आमच्या कट्ट्यावर नर्सिंगला शिकणारी एक मुलगी येते, ती शेवटपर्यंत गप्प होती. निघताना म्हणाली, “मला त्या घेणाऱ्याच्या आईची कादंबरी वाचायला आवडली असती. तिला माहीत असंन न कुठून आलं ते. की तिनं विचारलंच नसंन?”

काका म्हणाले, “विचारलं नसंन.” ती म्हणाली, विचारलं असेल, फक्त उत्तर कोणाला सांगितलं नसेल. दोघं जिना उतरून खाली रस्त्यावर पोचले तरी त्यावरच वाद घालत होते.